दोन तारखा

मला तारखा गोळा करायची खोड आहे. क्रिकेटवेड्या माणसाला कसोटीतल्या धावा पाठ असतात, तशा मला यंत्रांच्या तारखा पाठ असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक पूर्ण झाला १९६० साली. त्यात साधारण २,७०० निर्वात नळ्या होत्या. पुण्यात सी-डॅक सुरू झालं १९८८ साली आणि त्यांचा परम ८००० हा महासंगणक आला १९९१ साली. सामान्य माणसाला इंटरनेट विकत मिळू लागलं १५ ऑगस्ट १९९५ पासून. मराठी विकिपीडिया सुरू झाला २००३ साली. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटांच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेतला 'एका' हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. (माझा त्या यंत्राशी काडीचाही संबंध नव्हता. तरी वाटले.)

हे सगळं एका जाड वहीत आहे. कॉलेजात असताना वर्तमानपत्रांतली विज्ञानाची कात्रणं चिकटवायला सुरुवात केली, ती सवय राहिली. प्रत्येक कात्रणाशेजारी लाल शाईत तारीख. या वहीचा मला फार अभिमान होता. तिच्यात एक मोठी खोट आहे हे कळायला मला मुळशीत एक चहा प्यावा लागला.

त्याचं असं झालं. मी तेव्हा हिंजवडीत कामाला होतो. राजीव गांधी इन्फोटेक पार्कात, एका काचेच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, रात्री परत. आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना हिंजवडी हे पुण्याचं उपनगर वाटायचं. खरं तर हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं मुळशी तालुक्यातली. तालुक्याचं ठाणं पौडला. म्हणजे ज्या तालुक्याचं नाव ऐकलं की आपल्याला पावसाळी सहल, ताम्हिणी घाट आणि भाजलेलं कणीस आठवतं, त्याच तालुक्यात बसून आम्ही अमेरिकेतल्या विमा कंपन्यांचे प्रोग्रॅम दुरुस्त करत होतो.

अशाच एका पावसाळी रविवारी आम्ही चौघं मित्र ताम्हिणीकडे निघालो. धरणाचं पाणी उजव्या हाताला दिसत होतं. एका टपरीवर थांबलो. टपरीवाल्याचे वडील बाकावर बसले होते, अंगावर घोंगडी. त्यांनी विचारलं, "कुठलं तुमी?"

"पुण्याचे. हिंजवडीला कामाला आहोत, बाबा. कॉम्प्युटरवर."

"म्हंजी आपल्याच तालुक्यात की!" बाबा खूष झाले. मग म्हणाले, "त्ये कॉम्पुटर लायटीवर चालत्यात न्हवं?"

आम्ही हो म्हटलं. बाबांनी पाण्याकडे हात केला. "ही लाईट हितनं मुंबैला गेली. माजा जलम धरणानंतरचा. आमच्या वाडीत खांब आला तवा माज्या थोरल्या पोरीचं लगीन झालं हुतं."

एवढंच बोलले. आवाजात तक्रार नव्हती, पाऊस किती झाला हे सांगावं तसं सांगितलं. मी मनातल्या मनात हिशोब केला. माझ्या वहीत 'मुळशी धरण, भिरा वीजकेंद्र' अशी नोंद होती आणि शेजारी लाल शाईत १९२७. बाबांच्या थोरल्या मुलीचं लग्न फार लवकर म्हटलं तरी १९७० च्या आसपासचं. म्हणजे मधे चाळीसहून जास्त वर्षं. धरणाच्या भिंतीपासून त्या वाडीपर्यंत चालत जायला फार तर अर्धा दिवस लागत असेल.

घरी आलो आणि पहिल्यांदाच त्या नोंदीमागचा इतिहास नीट वाचायला बसलो.

तुमच्यापैकी अनेकांना तो माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. कोळसा दूरवरून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचंड पाऊस पडतो आणि पश्चिमेला कोकणात थेट कडा कोसळतो. ते पाणी माथ्यावर अडवून कोकणात सोडलं तर वीज होईल, ही कल्पना टाटांनी उचलली. खोपोलीचं केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. तिसरी योजना मुळशीची, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमापाशी. त्यासाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली.

या खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावं होती. आंबेमोहोर भात पिकवणारी मावळ्यांची गावं. आपली जमीन पाण्याखाली जाणार हे या लोकांना कसं कळलं? कंपनीची माणसं शेतात चाचणीचे खड्डे खणायला आली तेव्हा. पुण्यातल्या वर्तमानपत्रांतून पुढे भरपूर लिहून आलं, सभा झाल्या, पण ज्याच्या शेतात खड्डा पडला त्याला बातमी कुदळीनेच दिली. हे वाक्य लिहिताना मला जरा थांबावं लागलं, कारण मी स्वतःला 'माहिती तंत्रज्ञान' क्षेत्रातला माणूस म्हणवतो.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पुढारी पांडुरंग महादेव बापट. 'सेनापती' ही पदवी त्यांना या लढ्यानेच दिली. त्यांच्याबरोबर विनायकराव भुस्कुटे. बायकामुलांसकट मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, तुरुंग भरले. सरकारने भूसंपादनाचा १८९४ चा कायदा वापरला. पुण्यातल्या ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या त्यांना भरपाईचा आकडा महत्त्वाचा होता, आणि जमीन कसणाऱ्यांना जमीन. त्यात एकी टिकली नाही. शेवटी बापटांनी शस्त्र हातात घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२४ संपता संपता लढा संपला होता. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय.

मला यातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. बापट हे यंत्रांना भिणारे गृहस्थ नव्हते. १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले होते ते यांत्रिक अभियांत्रिकी शिकायला! म्हणजे धरण कसं चालतं, पाण्याच्या उंचीचा टर्बाइनवर काय परिणाम होतो, हे त्या अख्ख्या लढ्यात बहुधा त्यांनाच सगळ्यात चांगलं कळत असणार. आम्हा तंत्रप्रेमी लोकांना एक वाईट सवय आहे. कोणी प्रश्न विचारला की 'तुम्हाला यातलं कळत नाही' म्हणून मोकळं व्हायचं. बापटांना कळत होतं. तरीही त्यांनी प्रश्न विचारला. प्रश्न यंत्राबद्दल नव्हताच, यंत्राची किंमत कोण देणार आणि फळ कोण घेणार याबद्दल होता.

बरं, यंत्र म्हणून ते सुंदरच आहे हेही कबूल करतो. मुळा नदीने खरं तर पूर्वेला पुण्याकडे जायचं, मुठेला मिळायचं, भीमेतून कृष्णेत आणि मग बंगालच्या उपसागरात. धरणाने तिचं बरंचसं पाणी उलट फिरवलं. ते बोगद्यातून आणि नळांतून साधारण ५०० मीटर खाली रायगड जिल्ह्यात भिऱ्याला पडतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला लोक राफ्टिंग करतात ना, ते याच पाण्यावर.

सहज हिशोब केला. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार लिटर, ५०० मीटर खाली पडलं तर सगळी गळती धरून जेमतेम सव्वा युनिट वीज होते. साठ वॅटचा लॅपटॉप त्यावर वीस तास चालतो. आता गिरणीला किती पाणी लागत असेल ते बघा, आणि त्यासाठी किती मोठं खोरं भरावं लागेल ते बघा. शहरात बटण दाबलं की दिवा लागतो. त्या बटणाला एक तळ जोडलेला असतो आणि त्या तळाशी कोणाची तरी खाचरं असतात.

मुंबईच्या तारांतून वाहणारी वीज कुठल्या पाण्याची हे वेगळं काढता येत नाही. तरी मला कल्पना करायला आवडतं की १९६० साली टिफ्रॅकच्या त्या २,७०० नळ्या तापत होत्या, तेव्हा त्यात थोडी ऊब मुळशीची होती. आणि त्याच वेळी खोऱ्यातल्या बाबांच्या वाडीत रॉकेलची चिमणी होती. माझ्या वहीत टिफ्रॅक आहे. चिमणी नाही.

तेव्हापासून मी वहीत दुसरा रकाना आखला. पहिल्या रकान्यात यंत्र जन्माला आल्याची तारीख. दुसऱ्या रकान्यात ते शेवटच्या माणसापर्यंत पोचल्याची तारीख.

आणि गंमत बघा, दुसरा रकाना भरताच येईना! पहिली तारीख कुठेही सापडते, कारण त्या दिवशी फीत कापली जाते, फोटो निघतो, बातमी येते. दुसऱ्या तारखेला कोणी नसतं. असलीच तर एक सरकारी व्याख्या असते. विजेचंच घ्या. १९९७ पर्यंत नियम असा होता की गावाच्या हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली की गाव 'विद्युतीकृत' झालं. एका पाटलाच्या विहिरीवर एक पंप बसला, की सगळं गाव कागदावर उजळलं. २००४ साली व्याख्या सुधारली, तरी गावातल्या दहा टक्के घरांत वीज असणं पुरेसं होतं. (शाळा, पंचायत अशा जागाही होत्या त्यात.) उरलेली नव्वद टक्के घरं अंधारात असली तरी गाव पास. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लायसांग गावी वीज पोचली आणि देशातलं शेवटचं गाव उजळल्याचं जाहीर झालं. ती बातमी मी चिकटवली आहे. पण ती गावाची तारीख आहे, घराची नाही.

इंटरनेटचं तेच. १९९५ साली विदेश संचार निगमने सेवा सुरू केली ती मोठ्या शहरांत. चित्रं दिसणारं खातं हवं असेल तर वर्षाला १५,००० रुपये आणि वेग ९.६ किलोबिट. ते परवडणारं नव्हतंच. मी सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून बसायचो. मोडेमचा तो कर्रर्र खर्रर्र आवाज ऐकला की अंगावर काटा यायचा. नासाच्या पानावरचं गुरूचं एक चित्र वरून खाली उतरायला चार मिनिटं लागायची आणि मी घड्याळाकडे बघत बसायचो. पुढे २००४ च्या धोरणाने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणायचं ठरवलं, २०१३ साली ते ५१२ झालं आणि थेट २०२३ साली २ मेगाबिट. गावोगावी फायबर न्यायची योजना २०११ साली मंजूर झाली, तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. तिचं मोजमाप ग्रामपंचायतीपर्यंत. आता मुळशीची ग्रामपंचायत म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणा. एक गावठाण, आणि चार डोंगरांच्या चार सोंडांवर चार वाड्या.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. त्या काळात ऑफिसात जेवणाच्या टेबलावर मी छातीठोकपणे सांगायचो, की इंटरनेट विजेसारखं नाही. त्याला धरण लागत नाही, कोणाचं शेत बुडवावं लागत नाही, ते आपोआप पाझरत खाली पोचेल. 'दहा वर्षं थांबा,' असं माझं पेटंट वाक्य होतं.

अर्धं बरोबर निघालं. मोबाइल खरोखरच विजेच्या तारेपेक्षा कितीतरी वेगाने पसरला. देशातला पहिला मोबाइल कॉल जुलै १९९५ मधला, आणि बाबांच्या टपरीवर मुलाच्या हातात मोबाइल मी त्या रविवारीच पाहिला होता. २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला की टपरीवर भजी तळता तळता सिनेमा चालू असतो. विजेला चाळीस वर्षं लागली तिथे फोनला त्याच्या पावही लागली नाहीत. हे श्रेय द्यायलाच हवं.

उरलेलं अर्धं मागच्या पावसाळ्यात कळलं. पुन्हा त्याच रस्त्याने गेलो होतो. त्या टपरीच्या पुढे खिंडीत, ऐन पावसात, एक मुलगी आणि तिचा भाऊ छत्री धरून उभे. मला वाटलं गाडीची वाट बघतायत. थांबून विचारलं, तर ती म्हणाली, "नाही काका, ओटीपीची."

बारावी झाली होती तिची. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. वाडीत रेंज येत नाही म्हणून खिंडीत यायचं. अर्ज उघडला की मोबाइलवर ओटीपी मागवायचा, तो दहा मिनिटांत टाकायचा. पण खिंडीतही रेंज ये-जा करते. संदेश येईपर्यंत मुदत संपलेली. पुन्हा मागवायचा. तीनदा चुकला की चोवीस तास थांबायचं. ती दुसऱ्या दिवशी आली होती आणि शेवटची तारीख उद्याची होती.

आम्ही तिला गाडीत घेतलं, पौडच्या दिशेने रेंज मिळेपर्यंत गेलो आणि पाचव्या मिनिटाला अर्ज भरला गेला. मुलांना परत सोडलं. ती 'थँक्यू काका' म्हणाली आणि छत्री मिटून पळाली. मला मात्र थँक्यू पचेना. दहा मिनिटांची ती मुदत कोणी ठरवली असेल? माझ्यासारख्याच कोणीतरी. काचेच्या इमारतीत, वायफायखाली बसून. आम्ही असे आकडे रोज ठरवायचो. 'दहा मिनिटं पुष्कळ झाली' असं म्हणून मी स्वतः किती ठिकाणी हा आकडा टाकला असेल, आठवत नाही.

डोंगर काही आपल्यावर रागावलेला नसतो. मोबाइलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, आणि खोल दरीला सरळ रेषा मिळत नाही. म्हणजे बघा, ज्या कड्याने भिऱ्याला ५०० मीटरची उंची दिली, ज्या पावसाने धरण भरलं, तेच कडे आणि तोच पाऊस वाडीची रेंज अडवतात. निसर्गाने दिलेला फायदा तारेतून मुंबईला गेला आणि तोटा जागेवर राहिला. टॉवर उभारून हे सुटतं. पण टॉवर किती माणसं पैसे देतील ते बघून उभा राहतो, आणि वाडीत वीस घरं.

हिंजवडी त्या खिंडीपासून गाडीने दीड-दोन तास. तिथल्या जमिनी एमआयडीसीने घेतल्या, भरपाया झाल्या. कोणाचा बंगला उभा राहिला, कोणी ज्या शेतात नांगर धरला होता त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या फाटकावर पहारा देतो. टाटांच्या सॉफ्टवेअर कंपनीचं तिथलं आवार 'सह्याद्री पार्क' नावाचं आहे. शंभर वर्षांत त्याच तालुक्यातून आधी वीज बाहेर गेली आणि मग सॉफ्टवेअर. मी दोन्हींचा लाभार्थी आहे. माझं घर, माझी नोकरी, ही वही, सगळं त्यावर उभं आहे. म्हणून कोणाला शिव्या द्यायचा मला हक्क नाही, आणि द्यायच्याही नाहीत. धरण बांधायलाच नको होतं असंही मी म्हणत नाही. गिरण्यांच्या विजेवर लाखो घरांच्या चुली पेटल्या, त्यात आपल्याच कोकणातली आणि घाटावरची माणसं होती.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण तंत्रज्ञानाचा इतिहास पहिल्या तारखांनी लिहितो आणि म्हणून तो नेहमी विजयाचा इतिहास दिसतो. दुसऱ्या तारखाही लिहिल्या तर तो खरा दिसेल. आणि कदाचित पुढचं यंत्र करताना आपण आधीच विचारू, की याची दुसरी तारीख कधी? आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्या रोज येतात. मीही अधाशासारख्या वाचतो, कात्रणं ठेवतो. त्यासाठी डेटा सेंटरं उभी राहतायत, त्यांना वीज लागते, पाणी लागतं. ते कुठल्या खोऱ्यातून येणार आणि त्या खोऱ्यातल्या पोरीला ओटीपी मिळणार का, हे बातमीत नसतं.

सध्या वहीच्या दुसऱ्या रकान्यात एकच नोंद मी खात्रीने करू शकलो आहे. 'मुळशी, इंटरनेट' या ओळीत, पेन्सिलीने. 'खिंडीपर्यंत.' तारीख घातलेली नाही. खिंडीतून वाडीत गेलं की शाईने लिहीन.

असो. त्या मुलीला प्रवेश मिळाला का ते कळलं नाही. नंबर घ्यायचं सुचलंच नाही, आणि घेतला असता तरी फोन लागला नसता. पुढच्या पावसाळ्यात टपरीवर विचारीन. बाबा आता नाहीत, पण मुलगा ओळखतो. तुमच्या गावाच्या दुसऱ्या तारखा तुम्हाला माहीत असतील तर जरूर कळवा. वहीत जागा भरपूर आहे.